माझ्या पानावर सवतीचे अक्षर

मी एक वही बोलते आहे. लाल कापडी पाठीची, तीनशे बारा पानांची. वहीने बोलू नये, लिहून घ्यावे, हा शिष्टाचार मला ठाऊक आहे आणि अकरा वर्षे मी तो पाळला. आज बोलणार आहे, कारण माझ्या मनात मत्सर आहे. मत्सर गिळला म्हणजे तो पचतोच असे नाही. ज्या राजाचे चरित्र माझ्या अंगावर लिहिले गेले, त्यालाही तो पचला नव्हता.

माझा जन्म कोल्हापुरात, शिवाजी पेठेत, केरबा बांधणीवाल्यांच्या दुकानात झाला. दुकान म्हणजे तालमीच्या भिंतीला टेकलेली एक खोली. गल्लीत फुटबॉल चाले आणि चेंडू दारावर आपटला की केरबा हातातील दाभण न थांबवता एक शिवी देत. त्या दिवशी त्यांनी आम्हा सहा जणींना शिवले, खळ लावली आणि दगडाखाली दाबून ठेवले. बाकीच्या पाच जणी पुढे कोठे गेल्या हे मला ठाऊक नाही. जाणून घेण्याची इच्छाही नाही.

गणपतराव आले ते खिशात पोलादी पट्टी घेऊन. त्यांनी आम्हा सहा जणींच्या कडा मोजल्या, पुन्हा मोजल्या आणि मला बाजूला काढले.

केरबा म्हणाले, “गणपतराव, वही घ्याला आलायसा का पोरगी बघायला?”

“दोन्हीत वाकडेपणा चालत नाही,” गणपतराव गंभीरपणे म्हणाले.

मी त्या क्षणीच त्यांची झाले. सहा जणींतून माझी निवड झाली होती, हे मी कधी विसरले नाही.

गणपतराव तेव्हा पासष्टीचे होते. ओतकामाच्या कारखान्यात चाळीस वर्षे त्यांनी लाकडी साचे केले होते. साचा सूतभर चुकला की लोखंड चुकते, हा त्यांचा धर्म. शाळा सातवीपर्यंत झाली. उरलेले सर्व शिक्षण त्यांनी पेठेतील वाचनालयाच्या बाकावर बसून स्वतःच घेतले. पेन्सिलीला ते कारखान्यातल्या पटाशीने टोक काढीत. घरात कोणी लिंग किंवा वचन चुकले की जेवता जेवता थांबत आणि वाक्य दुरुस्त झाल्याशिवाय पुढचा घास घेत नसत.

माझ्यावरचे पहिले वाक्य असे आहे : ‘इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याने आपल्या थोरल्या भावाच्या विधवेशी विवाह केला.’

‘विधवेशी’ या शब्दाशी त्यांची पेन्सिल अडली. मला वाटले, नव्या वहीचा संकोच असेल. मी नवी होते.

रोज सकाळी स्नान झाले की ते मला मांडीवर घेत. वाचनालयातून आणलेले ग्रंथ शेजारी उघडे असत. प्रत्येक वाक्य ते आधी मोठ्याने म्हणत आणि मग लिहीत. स्वयंपाकघराच्या दारातून त्यांच्या पत्नी शालूबाई हाक देत, “अवो, च्या निवाला. सवतीला जरा बाजूला ठिवा की!”

“तिला सवत म्हणू नये. ही टिपणवही आहे.”

“आसंल. तिच्या अंगावर शिंतोडा उडाला तर बोलणी मला बसत्यात, म्हंजे सवतच की.”

सवत हा शब्द मी प्रथम त्यांच्याच तोंडून ऐकला, आणि खरे सांगायचे तर तो मला आवडला. सवत म्हणवून घेण्यासाठी नवऱ्याच्या मनात जागा असावी लागते. ती मला होती. शालूबाई दुसरी इयत्ता शिकलेल्या. त्यांना हेन्री कोण हे काय कळणार, असा माझा तोरा होता.

त्या राजाची हकिकत थोडक्यात सांगते, कारण तिच्यावाचून माझी समजणार नाही.

हेन्रीचा थोरला भाऊ आर्थर. त्याचे लग्न स्पेनच्या राजकन्येशी, कॅथरीनशी झाले आणि पाच महिन्यांत तो आजाराने गेला. त्या विधवेशी धाकट्या भावाने लग्न करावे असे ठरले. रोमच्या पोपने परवानगी दिली, हेन्री गादीवर आला आणि कॅथरीन राणी झाली. मुले झाली ती गेली. एकच मुलगी जगली. मग राजाची दृष्टी राणीच्याच सेवेत असलेल्या ॲन बुलीनकडे वळली आणि त्याच्या विवेकाला एकाएकी जाग आली. तो म्हणू लागला की भावाच्या बायकोशी लग्न हे पाप आहे, म्हणूनच मला मुलगा नाही.

बायबलात एके ठिकाणी म्हटले आहे की जो भावाची बायको करील तो निःसंतान राहील. दुसऱ्या ठिकाणी म्हटले आहे की भाऊ निपुत्रिक वारला तर दिराने त्याच्या विधवेशी लग्न करावे. गणपतरावांनी ही दोन वचने माझ्या समोरासमोरच्या पानांवर लिहिली आणि खाली टीप जोडली : ‘राजाने सोयीचे पान उघडले.’

पोप ऐकेना. तेव्हा राजाने पोपलाच दूर सारले आणि आपल्या देशातील धर्माचा मुख्य तो स्वतःच झाला. जे मान्य करीनात त्यांची शिरे उतरली, मग ते कालपर्यंतचे मित्र का असेनात. मठ मोडले, मठांच्या जमिनी राजाच्या झाल्या. एका बायकोला दूर करण्यासाठी एवढे सगळे. ज्याच्या हाती सत्ता असते त्याला आपली हौस हाच कायदा वाटतो, असे गणपतरावांनी समासात लिहिले आहे.

चोवीस वर्षांच्या संसारानंतर राजाच्या धर्माधिकाऱ्याने निकाल दिला. त्या निकालासाठी मराठी शब्द कोणता, यावर गणपतराव तीन दिवस अडले. ‘घटस्फोट’ लिहून त्यांनी खोडले. स्वतःशीच म्हणाले, “घटस्फोटात लग्न झालेले असते, मग मोडते. आपल्याकडे काडीमोड होते, तीही झालेल्याच लग्नाची. येथे तर राजा म्हणतो, झालेच नव्हते.” शेवटी त्यांनी लिहिले, ‘विवाह रद्द.’ त्या शब्दाला एक वेलांटी लागली की काय होते, ते मला नंतर कळले.

राजाने मग हुकूम काढला की कॅथरीनला राणी म्हणू नये, आर्थरची विधवा म्हणावे. तसा कागद तिच्यापुढे आला तेव्हा तिने लेखणी मागवली आणि ते शब्द जेथे जेथे होते तेथे तेथे खोडून टाकले. गणपतराव हे मोठ्याने म्हणत लिहीत होते. त्याच वेळी स्वयंपाकघरात भाकरी थापण्याचा आवाज थांबला. मला वाटले, पीठ संपले असेल.

पुढच्या राण्यांचे काय सांगू? ॲनचे शिर तीन वर्षांत उतरले. तिसरी बाळंतपणात गेली, चौथी रद्द झाली, पाचवीचे शिर उतरले. सहावी तेवढी राजाच्या मागे उरली. मला राग येई तो त्या सहावीचा. उरते तिचा राग येतोच.

आता माझ्या एकशे सत्तेचाळिसाव्या पानाविषयी.

त्या दिवशी शालूबाई शेजारणींबरोबर जोतिबाला गेल्या होत्या. गणपतरावांनी दार लावले आणि प्रथमच काहीही मोठ्याने न म्हणता लिहिले :

‘दादा तापाने गेले. सहा महिन्यांचा संसार. आईने सांगितले म्हणून दादांच्या विधवेशी मी पाट लावला. लोक म्हणाले, गणपतने मन मोठे केले. ते खरे नाही. गगनबावड्याकडे दादांचे वऱ्हाड गेले, भर पावसात मांडव गळत होता, आणि शालूने डोकीवरचा पदर सावरला, तेव्हाच मी दादांचा हेवा केला. पुढे दादा गेले. आपल्या हेव्यानेच ते गेले असे मला वाटत राहिले, म्हणून जी मिळाली तिच्याकडे मी कधी धड पाहू शकलो नाही. ती समजते की मी कर्तव्य केले. तिला खरे सांगण्याचे धैर्य मला झाले नाही.’

मग उठून त्यांनी खळ केली आणि ते पान पुढच्या पानाला चिकटवून टाकले.

पाट म्हणजे विधवेचे दुसरे लग्न. त्याला मंगलाष्टका नाहीत, वाजंत्री नाही. पाटाच्या बायकोला त्या काळी शुभकार्यात पुढे बसवीत नसत. नवे जोडपे जोतिबाला जाते. शालूबाई दादांबरोबर एकदा जाऊन आल्या होत्या, म्हणून सासूने पुन्हा जोडीने पाठवलेच नाही. त्रेपन्न वर्षे त्या शेजारणींबरोबरच जात आहेत. आपण या माणसाच्या लग्नाच्या की त्याच्या माथी आलेल्या, हे त्यांनी कधी विचारले नाही आणि यांनी कधी सांगितले नाही.

हे सर्व वाचून मला त्या बाईची कीव यायला हवी होती. मला आनंद झाला. यांचे गुपित माझ्यापाशी होते, तिच्यापाशी नव्हते.

गेल्या वर्षी वाचनालयाने गणपतरावांना भाषणाचे आमंत्रण दिले. विषय : ‘आठवा हेन्री : विवाह, धर्म आणि राजसत्ता’. पत्रावर नावामागे ‘अभ्यासक’ असे छापले होते. ते पत्र त्यांनी काचेखाली लावले. मी सज्ज झाले.

आणि मग त्यांची लेक क्रांती राजारामपुरीतून ती काचेची पाटी घेऊन आली. तिला टॅब म्हणतात. मी म्हणणार नाही.

“आप्पा, भाषणाला ह्या चिंध्या घेऊन जाणार व्हय? नुसतं बोला. ह्ये आपसूक लिवतंय.”

“लिहिते, असे म्हणावे,” आप्पा म्हणाले. पण त्यांचे डोळे पाटीवर होते.

त्या दिवसापासून ती मांडीवर आणि मी खिडकीत. माझ्यावरूनच वाचून ते तिला सांगत. माझे एकेक पान तिच्या तोंडी घातले जात होते. तिला ना वास, ना वजन. तिच्यावर लिहिले तरी बोटाला शिसे लागत नाही. आणि ते मात्र माझ्याकडे न पाहता माझी पाने उलटीत, तिच्याकडे पाहत. मी अंगाला आळोखे देऊन पाने मिटून घेई. ते माझ्यावर अडकित्ता ठेवीत.

एकच पान त्यांनी तिला सांगितले नाही. एकशे सत्तेचाळिसावे. चिकटलेल्या जोडपानावरून त्यांनी बोट फिरवले आणि ते पुढे गेले. मी मनातून फुलले.

काम संपले तेव्हा क्रांती म्हणाली, “आता ही वही कशाला? वाळवी लागायची.”

गणपतरावांनी पेन्सिलीचा दोरा माझ्याभोवती गुंडाळला. मग म्हणाले, “रद्दीत ठेव.”

वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावर मी पडले. प्रथम मला वाटले, चुकून म्हणाले असतील. नंतर उमगले. हेन्रीच्या दरबारातही हेच होते. ज्याला राजाचे अंतःकरण ठाऊक, तोच आधी दूर होतो. ते पान कोणाच्या हाती न लागता पुड्यांना जावे, असेच त्यांना हवे होते. पाटीवर माझा जळफळाट होताच. आता तर ज्या गठ्ठ्यावर मी होते त्यातील छापील जाहिरातींचाही मला हेवा वाटू लागला. त्यांनी कोणाला जीव लावला नव्हता.

भाषणाच्या आदल्या दिवशी दुपारी क्रांतीने पाटीला सगळे वाचून दाखवायला सांगितले. पाटीचा आवाज घरभर ऐकू येऊ लागला : “हेन्रीच्या विवाहास रोमच्या पोपटाने परवानगी दिली.”

“पोपटाने?” गणपतराव ताडकन उठले. “पोपने! पोपने!”

क्रांती पोट धरून हसत होती. “आप्पा, तुम्ही ‘पोप त्या वेळी’ आसं भराभर म्हटला असशीला.”

मला गठ्ठ्यावर हर्षाचे भरते आले. पाटी पुढे म्हणाली, “आपल्याकडील भाषेत सांगायचे तर, त्याने थोरल्या भावाच्या विधवेची वाट लावली.”

क्रांतीचे हसू अर्ध्यावर थांबले. स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज बंद झाला. शालूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

“यंत्राची चूक आहे,” गणपतराव म्हणाले. “मी ‘विधवेशी पाट लावला’ असे सांगितले होते.”

“यंत्राला काय कळतंय? आयकलं ते लिवलं आसंल,” शालूबाई म्हणाल्या. “आन् चुकलं काय त्यात? वहीत तरी काय लिवलंय?”

“वहीत बरोबर आहे.”

“मंग दावा की.”

“वही रद्दीत गेली.”

क्रांतीने ती दोन वाक्ये दुरुस्त केली, वडिलांना सदऱ्याला इस्त्री करून दिली आणि ती घरी गेली. गणपतराव केस कापायला बाहेर पडले. तेव्हा शालूबाई गठ्ठ्याशी आल्या आणि त्यांनी मला उचलले.

माझ्या सवतीने मला उचलले. मला वाटले, आता चुलीत.

त्यांनी हात धुतले, पदराला पुसले आणि मला ओट्यावर ठेवले. पहिले वाक्य त्यांनी अक्षराखाली बोट धरून वाचले. ‘थो-र-ल्या भा-वा-च्या.’ पुष्कळ वेळ लागला. मग त्या पाने चाळू लागल्या आणि जाड जोडपानाशी थांबल्या. चहाचे पातेले उकळत होते. त्यांनी मला त्याच्या वाफेवर धरले. केरबांच्या हातची बांधणी ताठ राहिली. पण गणपतरावांची खळ सैल पडली. पान सुटले.

चहा उतू गेला. त्यांनी गॅस बंद केला आणि वाचत राहिल्या. ‘शालूने डोकीवरचा पदर सावरला’ या ओळीवर त्यांचे बोट थांबले आणि तेथून ते बराच वेळ हलले नाही. त्यांचा दुसरा हात नकळत डोकीवर गेला. तेथे तेव्हा पदर नव्हता.

मग त्यांनी माझ्या दोऱ्याला बांधलेली पेन्सिल घेतली, टोक जिभेला लावले आणि ‘दादांच्या विधवेशी’ हे शब्द आडवी रेघ मारून खोडले. वर लिहिले, ‘शालूशी’. पुढे ‘पाट’ खोडले आणि लिहिले, ‘लगीन’. अक्षर वाकडे होते. अकरा वर्षांत माझ्या अंगाला दुसऱ्या कोणाचा हात लागला नव्हता. सवतीचा लागला.

दुसऱ्या दिवशी निघताना त्यांनी मला गणपतरावांच्या हाती दिले. “हे बी न्या. ह्यात पोपट न्हाय.”

गणपतरावांचा चेहरा उतरला. पण दारात न्यायला आलेली वाचनालयाची मंडळी उभी होती. त्यांनी मला बगलेत धरले. शालूबाईही निघाल्या. भाषणाला त्या कधी येत नसत.

वाचनालयात तीस-पस्तीस माणसे होती. शालूबाई तिसऱ्या रांगेत बसल्या. गणपतरावांनी पाटीवरून वाचले, उत्तम वाचले, आणि मी टेबलाच्या कडेला जळत पडले होते. भाषण संपले. अध्यक्षांनी प्रश्न मागितले. पेठेतले जुने मल्ल आकाराम उठले. लोक त्यांना मानत, आणि त्यांच्या जिभेला घाबरत.

“गणपतराव, समदं बराबर. पर राजाचं चुकलं काय, ते सांगा की. पाटाची ती पाटाचीच. आपल्यात बी तिला मान न्हाय. तुमाला आणि काय सांगायचं? घरचंच हाय.”

कोणी तरी हसले. बाकी सर्वजण तिसऱ्या रांगेकडे पाहू लागले. शालूबाई समोर पाहत होत्या.

गणपतरावांनी उत्तरासाठी मला ओढले. बायबलाची ती दोन वचने त्यांना हवी होती. पण वाफेने फुगलेले पान आपले ऐकत नाही. मी उघडले ती एकशे सत्तेचाळिसाव्या पानावरच. मी मुद्दाम केले नाही. मला तर ते पान शेवटपर्यंत मिटूनच ठेवायचे होते.

त्यांनी ती खोडलेली रेघ पाहिली. मग त्यांनी चष्मा सारखा केला आणि साऱ्या सभेला ऐकू जाईल असे वाचले :

“शालूशी मी लगीन लावला.”

‘लगीन लावला’! लिंग चुकले होते. मी वाट पाहिली. ते थांबतील, दुरुस्त करतील. ज्याने आयुष्यभर दुसऱ्याचे चुकलेले लिंग घास थांबवून सुधारले, त्याने ते वाक्य चुकीचे होते तसेच पुन्हा एकदा वाचले.

“शालूशी मी लगीन लावला. मूळ मजकुरात चूक होती, आकाराम. ती आता दुरुस्त झालेली आहे. नोंद घ्यावी.”

आकाराम उभेच होते. त्यांनी तिसऱ्या रांगेकडे वळून दोन्ही हात जोडले. “चुकलं वैनी,” म्हणाले, आणि बसले.

मी त्या वेळी गणपतरावांच्या हातात होते. पाटी मिटून पडली होती. मी जिंकले होते. पण ते माझ्याकडे पाहत नव्हते. त्रेपन्न वर्षांत जिच्याकडे धड पाहिले नाही, तिच्याकडे ते पाहत होते, आणि तिने डोकीवरचा पदर सावरला.

तेव्हा मला कळले की अकरा वर्षे जी माया मी माझी समजले, ती माझ्यावरून वाहत तिसरीकडेच चालली होती. मी नदी नव्हते, पात्र होते.

गेल्या रविवारी ते दोघे जोडीने जोतिबाला जाऊन आले. मला नेले नाही. परत आल्यावर शालूबाईंनी मला कपाटातून काढले आणि त्या पानावर गुलालाचे बोट टेकवले. ते अजून आहे. मी आता देव्हाऱ्याखालच्या फडताळात असते, वाळवीपासून सुरक्षित, कापडात गुंडाळलेली. शालूबाई मला पुसतात, मऊ हाताने. सवत म्हणून हाक मात्र मारीत नाहीत. माझे सर्वांत मोठे दुःख तेच आहे.

वाचकहो, तुमच्या घरी एखादी वही असेल, आणि तुमच्या मनात कोणासाठी तरी काही दडलेले असेल, तर माझी एवढीच विनंती आहे. जे सांगायचे ते ज्याला सांगायचे त्यालाच सांगा. वहीला सांगू नका. बिचारीला वाटते, ते तिच्यासाठीच आहे.